गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रक्तातले अँटिऑक्सिडंट मोजताना

जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधांत हा विषय नेहमीचा. रसायने स्वस्त, स्पेक्ट्रोफोटोमीटर विभागात असतोच आणि बहुतेक प्रकाशित तुलनांत उत्तरही एकाच दिशेचे असते: रुग्णांत मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए (मेदाच्या ऑक्सिडेशनातून उरणारा पदार्थ), वाढलेला आणि ग्लुटाथायोन (पेशीतले अँटिऑक्सिडंट) घटलेले. म्हणून काम सोपे वाटते. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बाई दवाखान्यात येते तीच बहुतेक वेळा अंगावरून रक्त जाते म्हणून. तिचे हिमोग्लोबिन आधीच उतरलेले असते. ती मशेरी लावत असू शकते, मूत्रनलिका दाबली जाऊन तिचे क्रिएटिनिन चढलेले असू शकते, मागच्या आठवड्यात तिला दोन पिशव्या रक्त चढवलेले असू शकते. यातली प्रत्येक गोष्ट तुमचा आकडा हलवते. त्या वेगळ्या काढल्या नाहीत, तर कर्करोगाच्या नावाखाली रक्तक्षयच मोजला जातो.

पुढे चार चाचण्यांची कृती आहे: ग्लुटाथायोन, एमडीए, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज (एसओडी) आणि कॅटलेज. शेवटची दोन पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारी विकरे.

आधी बाईची माहिती, मग नळी

रुग्ण उपचार सुरू होण्यापूर्वीच निवडा. स्थानिक पसरलेल्या आजारात बाह्य किरणोपचार ४५ ते ५० ग्रे, त्यासोबत दर आठवड्याला शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ४० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध आणि मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेले किरण, असा क्रम असतो. किरणांचे काम मुळातच मुक्त मूलकांमार्फत होते आणि सिस्प्लॅटिन ग्लुटाथायोनच्या सल्फरला थेट चिकटते. म्हणून दुसऱ्या आठवड्यातल्या बाईचा नमुना उपचारापूर्वीच्या बाईच्या नमुन्यात मिसळला तर गटाला अर्थच राहत नाही. उपचारामुळे होणारा बदल हाच प्रश्न असेल तर वेळा आधी ठरवा, उदाहरणार्थ पहिल्या फ्रॅक्शनच्या (किरणांच्या पहिल्या हप्त्याच्या) आदल्या दिवशी, उपचार संपल्यावर आणि तीन महिन्यांनी. त्या प्रत्येकीसाठी सारख्याच पाळा.

टप्पा २०१८ च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) वर्गीकरणाने लिहा. तिसऱ्या बी टप्प्यात गाठीमुळे मूत्रपिंड फुगलेले असू शकते, म्हणून क्रिएटिनिन प्रत्येकीचे हवे. मूत्रपिंड निकामी होऊ लागले की त्यानेच ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो.

तुलनेच्या गटात सर्वांत मोठी चूक होते. परिचारिका, विद्यार्थिनी, रक्तपेढीत आलेल्या तरुणी अशा हाताशी असलेल्या निरोगी बायका घेतल्या जातात. त्या दहा-वीस वर्षांनी लहान, चांगल्या हिमोग्लोबिनच्या आणि वेगळ्या आहाराच्या असतात. त्याऐवजी त्याच बाह्यरुग्ण विभागात आलेल्या, वयात पाच वर्षांपेक्षा जास्त फरक नसलेल्या आणि व्हीआयए (अॅसेटिक आम्ल लावून केलेली पाहणी) किंवा पॅप (पेशींची) तपासणीत दोष न निघालेल्या बायका घ्या. शक्य असेल तर रक्तक्षय असलेल्या पण कर्करोग नसलेल्या बायकांचा तिसरा गट जोडा. या एका गटाने प्रबंधाची किंमत दुप्पट होते.

गटात किती जणी हव्यात? एका प्रमाण विचलनाच्या ०.६ पट फरक पकडायचा असेल तर ८० टक्के सांख्यिकी ताकद आणि ५ टक्के सार्थकता पातळीला प्रत्येक गटात ४४ जणी लागतात. हिशेब असा: २ × ७.८४ ÷ ०.३६ = ४३.६. गळती धरून ५० घ्या.

विचारायचे प्रश्न छापील फॉर्मवर ठेवा, पण तोंडी आणि बाईच्या भाषेत विचारा. ‘तंबाखूचे व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ येते. ‘मावशी, मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते, कारण मशेरी म्हणजे दात घासणे, व्यसन नव्हे, अशीच समजूत असते. तसेच ‘अँटिऑक्सिडंट घेता का?’ विचारून उपयोग नाही. ‘ताकदीच्या गोळ्या, लाल-हिरव्या कॅप्सूल, कुणी दिलेली पावडर?’ असे विचारा आणि पाकीट दाखवायला सांगा. मधुमेह, एचआयव्ही आणि चालू औषधे नोंदवा.

रक्त चढवल्याची तारीख विचारायला कधीच विसरू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलेले असेल तर पेशींतले ग्लुटाथायोन, एसओडी आणि कॅटलेज काही अंशी रक्तदात्याचे असते. अशा बाईचा फक्त प्लाझ्मा वापरा, पेशींच्या चाचण्यांतून तिला वगळा.

संमतीपत्र मराठीत हवे आणि त्यात ‘या तपासणीने तुमचा उपचार बदलणार नाही’ हे वाक्य हवेच. अंगठा घेत असाल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर ठेवा. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे १५ मिली रक्त घेण्याची गरज नाही, ५ मिली पुरते.

पहिला अर्धा तास

रात्रभर उपाशी, सकाळी ८ ते १० दरम्यान, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत घ्या. सीरम नको. रक्त गोठताना प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन बनवतात आणि त्याच वाटेत एमडीए तयार होतो, म्हणजे नळीतच आकडा वाढतो. टूर्निकेट मिनिटभराच्या आत सोडा. बारीक शिरेतून जोराने ओढू नका, पेशी फुटतात. मग लोह सुटून एमडीए वाढतो आणि पेशींतली विकरे प्लाझ्मात येतात. गुलाबी दिसणारा प्लाझ्मा एमडीएसाठी वापरू नका.

नळी बर्फाच्या पाण्यात ठेवा, सरळ बर्फाच्या खड्यांवर नको, गोठून पेशी फुटतात. पुढचा क्रम:

१. ग्लुटाथायोनसाठी ०.२ मिली रक्त दोनदा लगेच वेगळे काढा आणि तिथेच प्रथिने साकळवा. वॉर्डातून प्रयोगशाळा लांब असेल तर साकळवणारे द्रावण वॉर्डात घेऊन जा.

२. अर्धा मिली रक्त पूर्ण रक्तगणनेसाठी द्या.

३. उरलेले ४ अंशाला, मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, १० मिनिटे फिरवा. प्लाझ्मा ०.५ मिलीच्या भागांत काढून उणे ८० ला ठेवा. उणे २० ला मेदाचे ऑक्सिडेशन थांबत नाही, तिथे आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या नमुन्यातला एमडीए विश्वासाचा नाही. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका.

४. पेशींवरचा पांढरा थर काळजीपूर्वक खेचून टाका. पांढऱ्या पेशींत स्वतःचे एसओडी आणि कॅटलेज असते. मग थंड ०.९ टक्के सलाईनने तांबड्या पेशी तीनदा धुवा. अर्धा मिली पेशींत दीड मिली बर्फगार ऊर्ध्वपातित पाणी घालून हलवा, हा हिमोलायझेट. याचे हिमोग्लोबिन ड्रॅबकिन द्रावणाने ५४० नॅनोमीटरला स्वतंत्र मोजा. रक्तगणनेतला आकडा इथे चालत नाही, कारण धुताना पेशी कमी-जास्त होतात.

ड्रॅबकिनमध्ये सायनाइड आहे. त्याची बाटली आणि कचरा टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल), मेटाफॉस्फोरिक किंवा कुठल्याही आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका, विषारी वायू सुटतो. दोन कॅन वेगळे ठेवा आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहा.

ग्लुटाथायोन: इथेच रक्तक्षय फसवतो

एलमनच्या डीटीएनबी रंगद्रव्यावरची ही पद्धत. द्रावणे:

साकळवणारे द्रावण: मेटाफॉस्फोरिक आम्ल १.६७ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.२ ग्रॅम, मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ३० ग्रॅम, पाण्याने १०० मिली. फ्रीजमध्ये तीन आठवडे टिकते.

फॉस्फेट: निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ४२.६ ग्रॅम एक लिटरात, ०.३ मोलर. बाटलीवर ‘डायहायड्रेट’ लिहिले असेल तर ५३.४ ग्रॅम. थंडीत स्फटिक बसतात, ते कोमट करून विरघळवा, वरचे पाणी तसेच वापरू नका.

डीटीएनबी: ४० मिलिग्रॅम, १ टक्के ट्रायसोडियम सायट्रेटच्या १०० मिलीत, तपकिरी बाटलीत. पिवळट दिसू लागले की फेका.

कृती: ०.२ मिली रक्त, १.८ मिली पाणी, पेशी फुटल्या की ३ मिली साकळवणारे द्रावण. पाच मिनिटांनी गाळा. गाळलेले द्रावण स्वच्छ निघाले पाहिजे, धूसर असेल तर पुन्हा गाळा. २ मिली गाळलेले द्रावण, ८ मिली फॉस्फेट, आणि ४१२ नॅनोमीटरला पहिले वाचन. मग १ मिली डीटीएनबी, हलवून दुसरे वाचन, चार-पाच मिनिटांच्या आत, कारण पिवळा रंग फिका पडत जातो. ब्लँकसाठी, म्हणजे नमुना नसलेल्या तुलनेच्या नळीसाठी, गाळलेल्या द्रावणाऐवजी तीन भाग साकळवणारे द्रावण आणि दोन भाग पाणी यांच्या मिश्रणाचे २ मिली. पहिले वाचन धूसरपणा दाखवते. ते जवळजवळ शून्य नसेल तर ते गाळलेले द्रावण बाद.

हिशेब: रक्त आधी २५ पट आणि मग ५.५ पट विरळ झाले, एकूण १३७.५ पट. शोषणांक १३,६०० धरला तर वाचनाला १०.११ ने गुणले की रक्तातले ग्लुटाथायोन मिलिमोलर एककात मिळते.

समजण्यासाठी दोन काल्पनिक नमुने घेऊ. रुग्णाचे वाचन ०.०४६ आणि हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ७.२ ग्रॅम. तुलनेच्या बाईचे वाचन ०.०८० आणि हिमोग्लोबिन १२.४. रक्ताच्या हिशेबाने ०.४६५ विरुद्ध ०.८०९ मिलिमोलर, म्हणजे रुग्णात सुमारे ४२ टक्के घट, प्रबंधात ठसठशीत उठून दिसेल अशी. आता दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे काढा: ०.४६५ ÷ ०.०७२ = ६.४६ मायक्रोमोल आणि ०.८०९ ÷ ०.१२४ = ६.५२ मायक्रोमोल. फरक नाहीसा झाला. रक्तातले जवळपास सगळे ग्लुटाथायोन तांबड्या पेशींत असते, पेशी कमी तर तेही कमी. म्हणून ‘मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर रक्त’ या एककातला आकडा या आजारात एकटा छापू नये. दर ग्रॅम हिमोग्लोबिनचा आकडा मुख्य ठेवा.

तरीही पूर्ण सुटका होत नाही. रक्तस्राव होत असताना मज्जा नव्या पेशी भराभर सोडते आणि कोवळ्या पेशींत विकरांची क्रिया जास्त असते. म्हणून रेटिक्युलोसाइट, म्हणजे या कोवळ्या पेशींची, मोजणी जोडता आली तर जोडा. जी६पीडी या, ग्लुटाथायोन टिकवायला लागणाऱ्या, विकराची उणीव असलेल्या बाईचे ग्लुटाथायोन कर्करोग नसतानाही कमी असते.

वाचने इतकी लहान आहेत की ०.००५ ची चूकही रुग्णाच्या आकड्यात ११ टक्क्यांची होते. तीन दशांश स्थळे दाखवणारे यंत्र, स्वच्छ पुसलेले क्युव्हेट आणि ०.२ मिलीचे तपासलेले मायक्रोपिपेट याशिवाय ही चाचणी करू नका. रक्त दाट असते, टोकाला बाहेरून चिकटलेले पुसून घ्या आणि पाण्यात टोक दोन-तीनदा धुवा.

एमडीए

रिएजंट, १०० मिली: टीसीए १५ ग्रॅम, थायोबार्बिट्युरिक आम्ल ०.३७५ ग्रॅम, संहत हायड्रोक्लोरिक आम्ल २.१ मिली. कोमट करून ढवळा, नाहीतर थायोबार्बिट्युरिक तळाशी राहते. वापरण्यापूर्वी इथेनॉलमधले २ टक्के बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारे रसायन) ३ मिली घाला. हे चुकवले तर उकळताना प्लाझ्मातला मेद नळीतच ऑक्सिडाइझ होतो आणि तुम्ही बाईच्या रक्ताऐवजी पाण्याच्या बाथची उष्णता मोजता.

प्लाझ्मा ०.५ मिली, रिएजंट १ मिली, घट्ट झाकण, उकळत्या पाण्यात बरोबर १५ मिनिटे. पाणी खरोखर उकळते आहे ना ते पाहा. ३० नळ्या एकदम टाकल्या की तापमान पडते आणि मधल्या नळ्यांना रंग कमी येतो. थंड करून १००० जी वर १० मिनिटे फिरवा आणि वरचा गुलाबी भाग ५३५ नॅनोमीटरला वाचा. कावीळ असेल किंवा धूसरपणा असेल तर ६०० नॅनोमीटरचे वाचन वजा करा. शोषणांक १,५६,००० आणि विरळपणा ३ पट, म्हणजे ०.१५६ वाचन आले तर प्लाझ्मात ३ मायक्रोमोलर.

नुसत्या शोषणांकावर विसंबू नका. टेट्रामेथॉक्सीप्रोपेनचे १६४.२ मिलिग्रॅम १०० मिलीत म्हणजे १० मिलिमोलर साठा, त्यातून १, २.५, ५ आणि १० मायक्रोमोलरची प्रमाण द्रावणे प्रत्येक बॅचमध्ये चालवा. थायोबार्बिट्युरिक आम्ल एमडीएखेरीज इतर पदार्थांशीही रंग देते, म्हणून निष्कर्षात ‘टीबीए-प्रतिक्रियाशील पदार्थ’ असे लिहिणे जास्त प्रामाणिक.

एसओडी आणि कॅटलेज

एसओडीसाठी पायरोगॅलॉलची पद्धत पुरते: पायरोगॅलॉल आपोआप ऑक्सिडाइझ होऊन रंग देते आणि एसओडी ते अडवते. हिमोग्लोबिन रंगाने अडथळा आणते, ते आधी काढा: १ मिली हिमोलायझेट, ०.२५ मिली थंड इथेनॉल, ०.१५ मिली थंड क्लोरोफॉर्म, मिनिटभर जोरात हलवून फिरवा. वरचा स्वच्छ थर घ्या. बफर ५० मिलिमोलर ट्रिस, ६.०६ ग्रॅम लिटरात, त्यात १ मिलिमोलर डीटीपीए (धातूंचे अंश धरून ठेवणारे रसायन), पीएच ८.२. पीएच चाचणीच्याच तापमानाला जुळवा. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने सरकतो, फ्रीजमधून काढलेल्या बफरचा पीएच लावून २५ अंशाला चाचणी केली की सगळे बिघडते.

पायरोगॅलॉल २५.२ मिलिग्रॅम, १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १० मिलीत, रोज ताजे. ३ मिलीच्या क्युव्हेटमध्ये यातले ३० मायक्रोलिटर. ४२० नॅनोमीटरला पहिले दीड मिनिट सोडा, पुढची दोन मिनिटे वाचा. ब्लँकची गती मिनिटाला ०.०२० च्या आसपास हवी. तिथे येईपर्यंत पायरोगॅलॉलचे प्रमाण जुळवा, नमुना तोवर लावू नका. ब्लँक ०.०२० आणि नमुना ०.०११ असेल तर अडवणूक ४५ टक्के, म्हणजे ०.९ एकक, कारण ५० टक्के अडवणूक म्हणजे एक एकक. अडवणूक ३० ते ६० टक्क्यांत बसेल इतकाच नमुना घाला. ८५ टक्क्यांवर दुप्पट एसओडी घातले तरी वाचन फारसे हलत नाही.

कॅटलेजला २४० नॅनोमीटर आणि क्वार्ट्झचे क्युव्हेट लागते, साध्या काचेचे चालत नाही. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ०.३४ मिली, ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर पीएच ७.० ने १०० मिली करा. भरपूर विरळ केलेल्या हिमोलायझेटचे २ मिली, त्यात १ मिली पेरॉक्साइड, २० अंशाला. सुरुवातीचे वाचन ०.५ च्या जवळ यायला हवे. खूप कमी आले तर पेरॉक्साइडची बाटली जुनी झाली आहे. फक्त पहिले १५ सेकंद धरा, पुढे पेरॉक्साइड कॅटलेजलाच मारते. बुडबुडे दिसले तर हिमोलायझेट आणखी विरळ करा. विरळ केलेला हिमोलायझेट पाच-दहा मिनिटांत वापरून टाका.

एसओडीचे निष्कर्ष अभ्यासागणिक वेगळे दिसतात, कुठे घटलेले, कुठे वाढलेले. तुमचे उत्तर वेगळे आले म्हणून नमुने पुन्हा पुन्हा लावत बसू नका.

‘एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता’ मात्र या आजारात टाळलेली बरी. फ्रॅपसारख्या (लोहाचे क्षपण मोजणाऱ्या) चाचणीत प्लाझ्माच्या क्षमतेचा मोठा भाग युरिक आम्लाचा असतो. मूत्रनलिका दाबलेल्या बाईचे युरिक आम्ल चढते आणि सर्वांत आजारी बाई सर्वांत ‘सुरक्षित’ दिसते.

बॅच

रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि तुलनेचे दुसऱ्या दिवशी, ही सवय मोडा. प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही गट मिसळा, नळ्यांवर फक्त क्रमांक, वाचन घेणाऱ्याला गट माहीत नको. प्रत्येक नमुना दोनदा लावा, दोन वाचनांत १० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा. पंधरा-वीस जणींच्या उरलेल्या प्लाझ्माचे एकत्र मिश्रण करून छोटे भाग गोठवा आणि दर बॅचला एक लावा. तो आकडा सरकला तर दोष तुमच्या द्रावणात आहे. विश्लेषणात वय, हिमोग्लोबिन, तंबाखू आणि क्रिएटिनिन प्रतिगमनात घाला. एमडीएचे वितरण सहसा एका बाजूला झुकते, तिथे मध्यांक द्या.

आकडा हातात आल्यावर

ग्लुटाथायोन कमी आले म्हणून रुग्णाला विटामिनच्या गोळ्या सुचवू नका, नातेवाइकांनी कळवळून विचारले तरी. कॅनडात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना किरणोपचारादरम्यान विटामिन ई ४०० एकक आणि सुरुवातीला बीटा कॅरोटीन देऊन पाहिले गेले, २००५ मध्ये निष्कर्ष आला. किरणोपचाराचे तीव्र दुष्परिणाम कमी झाले, पण कर्करोग परत येण्याकडे कल वाढला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला, हे १९९४ मध्ये दिसले. गर्भाशयमुखावर किरण लावताना पेशी मारणारे साधन मुक्त मूलकेच आहेत. आवळा, पेरू, पालेभाजी जेवणातून खायला काही हरकत नाही, गोळ्यांचा निर्णय मात्र तिच्या किरणोपचार तज्ज्ञांचाच.

तुमच्या वहीतला एक आकडा मात्र त्याच दिवशी वॉर्डात जायला हवा: हिमोग्लोबिन. किरणोपचारादरम्यान ते खाली राहिलेल्या बायकांत उपचाराचे फळ कमी दिसते आणि डॉक्टर त्यावर लगेच काही करू शकतात. रक्तगणनेचा कागद फाईलमध्ये ठेवून प्रबंधाच्या शेवटी उघडू नका. ७.२ दिसले की फोन उचला.